लाल शेरा

आश्रमातून फोन आला तेव्हा मी अंगणात दोर वाळत घालत होते.

"वैजयंता, कोयनाचा रंग आला," अधीक्षक पोतनीसबाई म्हणाल्या आणि गप्प बसल्या. बातमी चांगली असती तर त्या गप्प बसल्या नसत्या. त्यांना बोलायला फार आवडतं.

"लाल?"

"लाल."

मी उरलेला दोर वाळत घातला. ओला दोर तसाच गुंडाळून ठेवला तर कुजतो आणि कुजलेल्या दोरावर माणूस सोडता येत नाही. माझा नवरा दिगू म्हणतो, अशा वेळी बाकीच्या बायका निदान मटकन खाली बसतात, तू गाठी तपासत बसतेस. काय करू, माझ्या अंगाला घाबरायची सवयच नाही. राग मात्र आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

रंग म्हणजे प्रवृत्ती-निर्देशांक. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून सगळे नुसतं रंग म्हणतात. चार वर्षांपूर्वी नियम झाला की दत्तक जाणाऱ्या प्रत्येक मुलाची रक्ताची, मेंदूची आणि नाडीची तपासणी करायची. हिरवा आला तर मूल खुशाल घरी न्या. पिवळा आला तर लक्ष ठेवा. लाल म्हणजे हे मूल मोठेपणी कुणाला तरी इजा करण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त आहे, आणि मग दत्तक-योग्यता मंडळापुढे सुनावणी. पण लाल मुलाची सुनावणी होतच नसे, कारण रंग कळला की घेणारी माणसंच अर्ज मागे घेत.

मी तो मागे घेणार नव्हते. कोयना माझी होती. तिला दरीतून मीच वर आणली होती.

आमचं कोंडेघाट बचाव पथक दरीत पडलेली माणसं वर काढतं. जिवंत कमी, मेलेली जास्त. दोन वर्षांपूर्वी शहरातून फिरायला आलेल्या एका माणसाने आपल्या बायकोला कड्यावरून ढकललं. तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. बाई तळापर्यंत गेली. मी दोरावरून उतरले तेव्हा मुलगी अर्ध्या वाटेत कारवीच्या झुडपांत अडकलेली दिसली. एक पान हातात धरून बसली होती. रडत नव्हती. माझ्या बुटाकडे बोट दाखवून म्हणाली, "चिखल." तिला छातीशी बांधून वर आणली, तर सगळ्या वाटेत तिचं काळीज माझ्या अंगाला लागत होतं, अगदी संथ. बाप जन्मठेप भोगतोय. आजोळच्यांनी तिला हात लावला नाही, म्हणाले खुन्याचं रक्त आहे. आम्हाला लग्नानंतर दहा वर्षांत मूल झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी दर रविवारी आश्रमात जात होते आणि ती मला आई म्हणायला लागली होती. तिने तो शब्द शेजारच्या कॉटवरच्या मुलीकडून उचलला होता, तिला कुणी शिकवला नव्हता.

दिगू घाटाच्या वळणावर चहा-भजीची टपरी चालवतो. आम्ही शाळेत एका वर्गात होतो, म्हणून आमच्यात अरे-तुरे आहे. संध्याकाळी मी त्याला रंग सांगितला.

"लाल म्हंजी नक्की काय गं?"

"म्हंजी संभव जास्त."

"किती जास्त?"

मला माहीत नव्हतं. दिगूने कढईखालचा गॅस बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. हा माणूस टपरीमागे साप दिसला तर तीन दिवस टपरी उघडत नाही. "तुझ्या बहिणीची पोरं येत्यात सुट्टीला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या काय झालं तर लोक म्हणतील, माहीत असून आणली."

"चार वर्षांची आहे ती."

"चार वर्षांची ऱ्हाणार हाय का कायम?"

ह्यावर भांडण करण्यापेक्षा ज्याने हे यंत्र काढलं त्यालाच जाऊन विचारावं असं मी ठरवलं.

डॉक्टर शशांक उपासनी पुण्याच्या निर्देशांक केंद्रात बसतात. मला वाटलं होतं कोणी तरी ताठ, तोऱ्यातला माणूस असेल. हे तर खुर्ची सरकल्याच्या आवाजाने दचकणारे गृहस्थ निघाले. पण समजावून सांगायला बसले की दचकणं बंद.

"आम्ही तीन गोष्टी बघतो," ते म्हणाले. "पहिली, जनुकं. मेंदूतली काही रसायनं काम झालं की मोडून साफ करावी लागतात. ती साफसफाई काही जणांत संथ असते. अशा मुलाला लहानपणी मारझोड सोसावी लागली तर मोठेपणी ते लवकर भडकतं असं दिसलंय. गुन्ह्याचं असं एकच जनुक नसतं हं. शेकडो बारीक फरक असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. दुसरी गोष्ट, मेंदू. आतला बदामाएवढा भाग राग आणि भीती उठवतो, कपाळामागचा भाग त्याला आवरतो. तो आवर किती घट्ट आहे ते चित्रात दिसतं. तिसरी, नाडी. स्वस्थ बसलेलं असताना ज्यांची नाडी मंद असते ती मुलं धोक्याला घाबरत नाहीत आणि शिक्षेलाही नाही. साधं जगणं त्यांना अळणी लागतं, म्हणून ती काहीतरी तिखट शोधत फिरतात."

"आणि म्हणून खून करतात?"

"नाही, नाही. पण जुळ्या भावंडांचा अभ्यास आहे. हुबेहूब जुळ्यांत एक गुन्ह्यात सापडला तर दुसराही सापडण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा जास्त येतं. दत्तक मुलांचाही आहे. सख्खा बाप गुन्हेगार असेल तर चांगल्या घरात वाढलेली मुलंही थोड्या जास्त संख्येने कोर्टाची पायरी चढतात. हे आकडे खोटे नाहीत, वैजयंताबाई. शरीराचा काहीच संबंध नाही असं मी म्हणू शकत नाही."

माणूस प्रामाणिक होता, त्यामुळे मलाही प्रामाणिकपणे विचारावं लागलं. "हुबेहूब जुळ्यांत एक तुरुंगात आणि दुसरा घरी, असं होत नाही?"

"होतं की. निम्म्याहून जास्त वेळा तसंच होतं."

"शंभर लाल पोरांतली किती पुढे कुणाला मारतात?"

त्यांनी चष्मा काढला. "आठ. फार तर नऊ. हिरव्यांत दोन."

"म्हणजे नव्वदाहून जास्त जण काहीच करत नाहीत."

"हो."

"आणि हे सगळं तुम्ही शिकलात कुणाकडून? नमुने कुठले?"

"तुरुंगातले कैदी."

"म्हणजे सापडलेले."

त्यावर ते पहिल्यांदा हसले, पण लगेच दाराकडे बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. "हीच आमची सगळ्यात कच्ची बाजू आहे. ज्याने पैसे चारून प्रकरण मिटवलं तो आमच्या हिशेबात सज्जन. शिवाय गुन्हा कशाला म्हणायचं ते रक्त ठरवत नाही, कायदा ठरवतो, आणि कायदा दर पाच वर्षांनी बदलतो. हे सगळं आम्ही अहवालात लिहिलं होतं. आम्ही शक्यता सांगितली होती, बाई. शासनाने तिचे रंग केले."

मी बाही वर केली. "माझी तपासणी करा."

"तुमची? नियमात नाही."

"नियमात मना केलीय का?"

नव्हती. आठवड्याने निकाल आला. मी लाल होते, आणि कोयनापेक्षा वरच्या अंकाची लाल होते. मला इतका आनंद झाला की मी जीपमध्ये एकटीच मोठ्याने हसले. अडतीस वर्षांचं माझं वय, आजवर कुणाला चापट मारलेली नाही, कुणाचा रुपया बुडवलेला नाही, साधी हेल्मेटशिवायही कधी पकडली गेलेली नाही. ह्याहून मोठा पुरावा काय हवा? मग मला आणखी पुढची कल्पना सुचली, आणि इथे माझं चुकलं.

आमच्या पथकात एक जुनी पद्धत आहे. कड्यावर पोचलो की आमचे म्होरके बुधाजीमामा मेंगाळ एकेकाचं मनगट धरतात. दरीकडे तोंड करून उभं राहायचं आणि मामांनी नाडी मोजायची. ज्याची सगळ्यांत संथ, त्याने आधी उतरायचं. ज्याची धावते त्याने वर दोर धरायचा. ज्याची फारच धावते तो एक-दोन मोसमांत आपणहून पथक सोडतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. म्हणजे आमचं पथक हीच एक चाळणी झाली होती, आणि चाळणीत उरलेली माणसं कोणत्या रंगाची निघणार हे सांगायला यंत्राची गरज नव्हती.

मी सगळ्यांना जीपमध्ये घालून पुण्याला नेलं. अकरा जणांपैकी नऊ लाल आले. मामांचा अंक सगळ्यांत वर.

"मंग आता मला धरून न्येत्यात का काय?" मामा खूश होऊन विचारत होते. गावात त्यांनी ती गोष्ट सणासारखी साजरी केली.

दिगू मात्र खूश नव्हता. त्या संध्याकाळी मी लाकडं फोडायला कोयता शोधला तर दाराआड अडकवलेला कोयता जागेवर नव्हता.

"दिगू, कोयता कुठाय?"

"माळ्यावर ठिवला."

"का?"

"असाच," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता कांदा चिरत राहिला.

 बारा वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, ज्याला तापात रात्ररात्र पट्ट्या ठेवल्या, त्याला एका रंगाने माझी भीती वाटायला लागली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दिगू कावराबावरा झाला. त्याने माळ्यावर चढून कोयता काढला आणि परत दाराआड अडकवला. पण तो अडकवताना त्याचा हात जरा थबकला, आणि ते आम्ही दोघांनीही पाहिलं.

सुनावणीला मी नऊ लाल माणसांचे अहवाल घेऊन गेले. मंडळाच्या अध्यक्षा नलावडेबाई म्हणजे निवृत्त न्यायाधीश. अतिशय गोड बोलणाऱ्या. डॉक्टर उपासनी तज्ज्ञ म्हणून त्यांच्या शेजारी बसले होते. मी माझं म्हणणं मांडलं. ह्या नऊ जणांनी मिळून दोनशेच्या वर माणसं वर काढलीत, एकावरही गुन्हा नाही. मंद नाडी तुरुंगात सापडते हे खरं, पण ती दोरावरही सापडते. तुम्ही फक्त तुरुंगात शोधलीत.

नलावडेबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. माझ्या कामाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मूल लाल, आई लाल, आणि मुलीची ऊठबस ज्यांच्यात होणार तीही सगळी लालच."

मला क्षणभर कळलंच नाही.

"तुम्ही आज आला नसतात तर आम्हाला फक्त मुलीचं माहीत असतं," त्या म्हणाल्या. "असं मूल द्यायचं तर शांत, सावध घरात द्यावं, एवढं तरी आपण मान्य कराल ना? तुम्ही तिला कड्यावर नेणार."

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्या खरोखर कळवळून बोलत होत्या. मी माझ्या हाताने पुरावा गोळा करून माझ्याच विरुद्ध नेऊन दिला होता. आश्रमाच्या वतीने आलेल्या पोतनीसबाईंनी कपाळाला हात लावला.

मंडळाने अर्ज फेटाळला नाही, अट घातली. मुलीला रोज सकाळी 'स्थिरा' नावाचं औषध द्यायचं, वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत. त्याने नाडी वाढते आणि धोक्याची जाणीव तीव्र होते. पालकांनी तसं शपथेवर सांगायचं, बोटाला नाडीचा चिमटा लावून. शपथ मोडली तर फौजदारी गुन्हा, आणि मूल परत.

"अध्यक्षमहोदया," डॉक्टर उपासनी चाचरत म्हणाले, "चार वर्षांच्या मुलांवर हे औषध पुरेसं तपासलेलं नाही. मी लेखी कळवलं होतं..."

"त्यावर बंदी आहे का, डॉक्टर?"

"बंदी... नाही."

"मग झालं तर."

डॉक्टरांनी आपली फाईल मिटली. मला त्यांचा फार राग आला. शपथेसाठी मंडळाने पंधरा दिवसांची मुदत दिली.

आश्रमात शेफाली नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. ती लाल आहे आणि पावसाळ्यापासून तिला स्थिरा चालू आहे. पूर्वी ही पोरगी पेरूच्या झाडावरून उलटी लोंबकळत माझ्याशी गप्पा मारायची. त्या रविवारी ती व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. मी पेरू पुढे केला तर तिने आधी माझ्या हाताकडे, मग मागे, मग पुन्हा हाताकडे बघितलं.

"झाडावर नाही चढलीस आज?"

"पडेन," ती म्हणाली.

"कधी पडली होतीस का?"

"नाही. पण पडेन."

तेवढ्यात कोयना पळत आली, व्हरांड्याच्या कठड्यावर चढली आणि तिथून सरळ माझ्या अंगावर उडी टाकली. मी तिला झेलेन की नाही असा विचारही तिच्या मनात आला नव्हता. तिला झेलताना मी ठरवलं की हिला ते औषध मी देणार नाही. आणि हिला इथे सोडणारही नाही.

घरी येऊन दिगूला सांगितलं.

"दिलं तर काय बिघडलं?" तो म्हणाला. "मी भित्राच हाय की. जगतोय ना?"

"तू तुझा भित्रा आहेस. तुला कुणी चमच्याने पाजलं नाही."

"आन उद्या तिनं कुणाला काय केलं तर?"

"तर तो दोष माझा. पण दिगू, डॉक्टर स्वतः म्हणाले, संथ रक्ताच्या पोराला मार बसला, छळ झाला तर ते बिघडतं. आपल्या घरात कोण मारणाराय तिला? तू?"

दिगूने आयुष्यात कोंबडीसुद्धा स्वतःच्या हाताने कापलेली नाही. तो हसला. "आन तिला तिखट लागतं म्हणतीस, तर ते कुठून आणायचं?"

"दोर आहे की. मला बुधाजीमामांनी तेच दिलं. मी सातवीत होते तेव्हा घाटात चालत्या ट्रकच्या मागे लटकायचे, आठवतं ना तुला? मामांनी कान धरून दोरावर नेलं. नाहीतर माझं काय झालं असतं कोण जाणे. यंत्र माझ्याबद्दल सगळंच खोटं सांगत नाही, दिगू. मी तशीच आहे. म्हणूनच ती मला कळते."

 टपरीतून आणलेली भांडी घासून झाल्यावर तो हात पुसत आला. "शपथेत मी एवढंच सांगीन की औषध वेळेवर घरी आणून देईन. ते मी आणीन. त्याच्याफुडचं मला सांगू नको आन मी इचारणार न्हाई. मला खोटं बोलता येत न्हाई, वैजू. मी पकडला जाईन."

त्याची पाचावर धारण बसली होती आणि तरी तो हे बोलला. त्या रात्रीइतका दिगू मला कधीच आवडला नव्हता, आणि मी त्याला तसं सांगितलंही.

शपथेच्या दिवशी आधी दिगूची पाळी आली. चिमटा बोटाला लावताच पडद्यावरची रेघ उड्या मारायला लागली. स्वतःचं नाव सांगताना उडी, गाव सांगताना उडी. औषध वेळेवर आणून द्याल का, एवढंच त्याच्या वाट्याचं कलम होतं, त्यालाही तेवढीच उडी. नलावडेबाई हसून म्हणाल्या, "घाबरू नका हो." यंत्र माणसाची नेहमीची रेघ आणि उत्तराच्या वेळची रेघ ह्यांतला फरक बघतं. दिगूच्या बाबतीत सगळंच सारखं होतं, म्हणून तो पास झाला.

मग मी बसले.

"दररोज सकाळी, मुलीच्या वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत, ठरलेल्या प्रमाणात औषध द्याल?"

कड्याच्या टोकावरून पाय खाली सोडला की माझ्या आत सगळं शांत होत जातं. आवाज लांब जातात आणि पुढचं एकच काम दिसतं. त्या खोलीत तसंच झालं. समोर नलावडेबाईंचा दयाळू चेहरा होता आणि मला कोयना घरी आणायची होती.

"देईन," मी म्हणाले.

रेघ जागची हलली नाही.

डॉक्टर उपासनी पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. चार वर्षांच्या पोरीला हे औषध पाजायचं कबूल करताना कुठल्याही आईची रेघ थोडी तरी थरथरली असती. शिक्षेला न घाबरणाऱ्या माणसांबद्दल मला त्यांनीच तर समजावलं होतं.

"डॉक्टर?" नलावडेबाईंनी विचारलं.

 "रेघ सरळ आहे," ते म्हणाले. ते खरंच होतं.

तो माझ्या आयुष्यातला पहिला गुन्हा. कायद्याच्या भाषेत विचारपूर्वक, पूर्ण शुद्धीवर केलेला. निर्देशांकाने माझ्याबद्दल जे सांगितलं होतं ते त्या दिवशी खरं ठरलं, हे मी मान्य करते. निर्देशांक नसता तर मला तो गुन्हा करावाच लागला नसता, हेही मी कुणासमोर म्हणायला तयार आहे.

कोयना घरी आली. दिगू दर महिन्याला औषधाची बाटली आणून फडताळात ठेवतो आणि मी ती मोरीत ओतते. पोरगी दिगूच्या मागे मागे फिरते, त्याला गरम तव्यापासून लांब राहायला सांगते. एकदा तिने शेजारच्या पोराला ढकलून दिलं आणि दिगूचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याही मनात शंका आलीच. खोटं कशाला सांगू? मी तिला त्या पोराशेजारी बसवलं, त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद लावायला लावली आणि हळद झोंबते तेव्हा तो कसा विव्हळतो ते तिला बघायला लावलं. अशा प्रत्येक वेळी मला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. ते मी करीन. त्याची शपथ मला कुणी घातलेली नाही.

मंडळाच्या अटीप्रमाणे सहा महिन्यांनी औषधाच्या तपासणीचा दिवस आला. ह्या दिवसाची मात्र माझ्याकडे काहीच तयारी नव्हती. औषध चालू असेल तर ह्या वयात नाडी शंभराच्या वर हवी, आणि नाडीला शपथ घालता येत नाही. उपासनी सुट्टीवर असल्यामुळे दुसरे कोणी डॉक्टर असतील असं कळलं होतं. दार उघडलं तर समोर उपासनीच. सुट्टी रद्द करून आले होते.

त्यांनी कोयनाला स्टुलावर बसवलं, बोटाला चिमटा लावला. पडद्यावर आकडा आला. चौऱ्याहत्तर.

"औषध नियमित चालू आहे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कोयना, सकाळी आई काय देते?"

"भाकरी."

"आणि कडू काही?"

"कडू काय?" कोयनाने मला विचारलं.

दिगू खिडकीबाहेर बघायला लागला.  दाराबाहेर मंडळाची कारकून कागद घेऊन थांबली होती. आकडा डॉक्टरांनी स्वतः भरायचा होता, आणि खोटा भरला तर त्यांची नोकरी जाणार होती, कदाचित तुरुंगही.  इथे माझं शांत राहणं कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

डॉक्टर कळफलकाकडे वळले. पहिल्यांदा त्यांचं बोट चुकीच्या कळीवर पडलं. त्यांनी खोडलं. दुसऱ्यांदा पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं, दम घेतला आणि सावकाश भरलं. एकशे सहा.

कारकून कागद घेऊन गेली.

कोयनाला तो चिमटा फार आवडला होता. तिने तो आपल्या बोटाचा काढून डॉक्टरांच्या बोटाला लावला. "आता काकांची," ती म्हणाली. पडद्यावरचा आकडा चढत चढत एकशे अडतीसवर गेला आणि तिथेच राहिला. ती बघतच बसली. एवढा मोठा आकडा तिने पाहिला नव्हता.

"आई, काका घाबरलेत?"

"हो, फार घाबरलेत."

"मग पळाले का न्हाई?"

 डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि चिमटा काढून तिच्या हातात दिला.

"पुढच्या तपासणीलाही मीच असेन," ते म्हणाले.